वजनाचा रविवार

अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझी शाळा सहावीत अर्ध्यावर सुटली. पाटी दप्तरात घातली ती कायमची, आणि पुढे हातात आलं ते लाटणं. पण निरोप आणणाऱ्या ताई म्हणाल्या, "मुलींच्या वसतिगृहात एवढी वर्षं स्वयंपाक केलात, त्या गमती लिहा." गमती होत्या, नाही असं नाही. पण गुडघे दुखायला लागले की मला आठवतं ते गमतीचं नसतं. एक वजनकाटा आठवतो. तेव्हा त्याचंच लिहिते. शुद्धलेखन तुम्ही सांभाळून घ्या.

माझं माहेर राजापूरच्या बाजूला. लग्न होऊन नागपुरात आले, कारण यजमान इथल्या कापडगिरणीत लागले होते. चार वर्षांत छातीच्या दुखण्याने ते गेले. जाण्याआधी वर्षभर त्यांचं अंग उतरत होतं. सदरे तेच, पण आतला माणूस दर महिन्याला थोडा कमी. परत राजापूरला जायचं तर तिथे भावाच्या घरी खाणारी तोंडं आधीच पुष्कळ. अशात एका ओळखीच्या बाईंनी मला सक्करदऱ्याकडच्या मुलींच्या वसतिगृहात नेलं. तिथल्या रेक्टरबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी एकच विचारलं, "साठ मुलींचं जमेल?" मी त्याआधी दहा माणसांच्या वर कधी रांधलं नव्हतं. "जमेल," म्हटलं. त्यांना माझा खोटेपणा कळला असणार. तरी त्यांनी मला भटारखान्यामागची खोली दिली. ते उपकार मी विसरले नाही, आणि त्या खोलीतून कुणी काढेल ही धास्तीही तेव्हापासून माझ्या सोबतीला राहिली. ही साठीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. पुढे पंधरा-सोळा वर्षं मी तिथेच होते.

साठ मुलींचा स्वयंपाक म्हणजे घरचा स्वयंपाक दहापट, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. मीठ दहापट घातलंत तर वरण तोंडात धरवत नाही. आणि भूक तर मापात बसतच नाही. तेरा ते सोळा वयाच्या मुलीची भूक पावसाळ्यातल्या नाल्यासारखी, काल कोरडा होता आणि आज पूल बुडालाय. सोमवारी घरून परतलेल्या मुली जेवत नसत, कारण आईच्या हातचं अजून जिभेवर असे. बुधवारी त्याच मुली परातीचा तळ दाखवत. एकीने श्रावणी सोमवार धरला की बघता बघता पंचवीस मुली उपाशी, आणि त्यातल्या वीस संध्याकाळी माझ्या दारात, "मावशी, साबुदाणा उरला काय जी?"

मी कोकणातली, भाताची. इथल्या मुलींना ज्वारीची भाकर, तिखट वांग्याची भाजी आणि वरून कच्चं तेल हवं. पहिल्या आठवड्यात मी भाजीला ओलं खोबरं लावलं तर एक मुलगी म्हणाली, "मावशी, भाजीत प्रसाद कायले टाकला?" त्यानंतर मी खोबरं सोडलं आणि तिखटाला हात सैल केला.

एक होती, ती खडू खायची. वर्गातले खडू संपतात म्हणून शाळेतून तक्रार आली. मोठ्या बाई रागावणार होत्या. मी म्हटलं, रागावू नका, तिला गूळ-शेंगदाणे आणि पालेभाजी देऊन बघू. माझ्या चुलतबहिणीने चुलीची माती खाल्लेली मी पाहिली होती, तेव्हा आजीने हेच केलं होतं. दोन महिन्यांनी खडू वाचले. दुसरी एक ट्रंकेत ठेच्याची बरणी कुलपात ठेवायची आणि किल्ली गळ्यात घालायची. तिसरी तांदूळ निवडायला हौसेने बसायची, आणि निवडून होईस्तोवर मूठभर कच्चे खाऊन टाकायची. अशी गिऱ्हाइकं. त्यांचा कंटाळा यायचा आणि त्यांच्यावाचून सुट्टीत करमायचंही नाही.

माझी एक फुशारकी होती. न्हाणीजवळ उष्ट्याची बादली असे, मुली ताटातलं उरलेलं तीत टाकत आणि संध्याकाळी गोठेवाला घेऊन जाई. माझ्याआधीच्या बाईंच्या वेळी ती रोज भरायची म्हणे. माझ्या वेळी तळाला चार शितं. मोठ्या बाई येता-जाता बादलीत डोकावत आणि माझ्याकडे बघून मान हलवत. मला वाटे, बादली रिकामी आहे तोवर खोली माझी आहे. बादली खोटं बोलत नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे.

आता काट्याचं. माझ्याआधी तिथे एका मुलीला क्षय झाला होता. ती खंगत गेली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि फार उशीर झाला. म्हणून मोठ्या बाईंनी नेम घातला होता, महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या मुलींचं वजन करायचं. वेगळा काटा कुठून आणणार? कोठीतला धान्याचा काटा होता, पोतं ठेवायची लोखंडी फळी, वर दांडी आणि दांडीवर सरकणारं वजन. मुलगी फळीवर उभी राही, मी वजन सरकवून आकडा पुकारी आणि मोठ्या बाई वहीत लिहीत. त्यांना मोतीबिंदू होता, दांडीवरच्या रेघा दिसत नसत. सहावी अर्धी शिकलेल्या बाईने आकडा बोलावा आणि बी.ए. झालेल्या बाईने तो लिहून घ्यावा, याचं मला फार अप्रूप होतं.

मग ते आकडे जेवणघराबाहेरच्या फळ्यावर लागत. वाढलं त्यांचं पांढऱ्या खडूने, उतरलं त्यांचं लालने. लागोपाठ दोनदा लाल आलं की पालकांना पत्र जाई आणि मुलीला हवापालटासाठी घरी नेत. ज्या मुलीचं वजन सगळ्यांत जास्त वाढे तिला त्या रविवारी एक संत्रं जास्तीचं. तेव्हा अंग भरणं म्हणजे तब्येत, आणि तब्येत म्हणजे वसतिगृहाचं नाव, असा सगळा हिशेब.

शोभा उमरेडची, विणकराची मुलगी. नववीत होती. गोल चेहरा, भरलेलं अंग, आणि हसली की टेबल हलायचं. तिच्या शेजारी जेवायला बसे ती कुसुम, कळमेश्वरकडच्या एका खेड्यातली, चिपाडासारखी. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या रविवारी शोभा फळीवर चढली. मी वजन सरकवत गेले, सरकवत गेले. सत्तावन्न किलो. सगळ्यांत जास्त वाढ तिचीच. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने म्हटलं, "अगो बाई, हे तर ज्वारीचं भरलेलं पोतंच!"

मला चांगलंच म्हणायचं होतं. कोठीत जिचा जन्म चाललाय तिला भरलेल्या पोत्याहून देखणं काय असतं? पण रांगेतल्या मुली फुटल्या. "पोतं! पोत्याले संत्रं देऊन राहिले वं!" शोभाही हसली. संत्रं घेतलं. संध्याकाळी झाडताना ते मला तिच्या खाटेखाली मिळालं, न सोललेलं. मी ते पुसून फडताळात ठेवलं आणि विसरले.

त्यानंतर तिचं नावच पोतं पडलं. जिन्यात, नळावर, रांगेत. "पोतं आलं, सरका वं, जागा द्या!" मी एक-दोनदा मुलींना दटावलं. पण शब्द माझा होता, तो माझ्या दटावण्याने थोडाच परत येणार?

डिसेंबरात शोभाचं वजन तीन किलोने उतरलं. लाल खडू. मोठ्या बाई म्हणाल्या, "दिवाळीचं चढलेलं उतरलं असेल." मीही तेच म्हटलं. बादली रोज बघत होते ना मी. शोभाचं ताट स्वच्छ येत होतं, चाटून पुसून. जेवते आहे पोरगी, मला काय काळजी?

जानेवारीच्या वजनाला तीन-चार दिवस होते. भाकऱ्या वाढता वाढता तवा रिकामा झाला म्हणून मी जरा दाराशी उभी राहिले. तेव्हा दिसलं. शोभाने एक भाकर कुसुमच्या ताटात सरकवली. मग भाजी. मग भात. कुसुम मान खाली घालून दोन ताटांचं जेवत होती. शोभाने बोटाने आपलं ताट निपटलं आणि रिकामं ताट मला दिसेल असं धरून नळावर गेली.

बादली खोटं बोलत नव्हती. मीच तिला अर्धाच प्रश्न विचारत होते. जेवण संपलं का, एवढाच. कुणाच्या पोटात गेलं, हे कधी विचारलंच नव्हतं.

मी शोभाला कोठीत बोलावलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"मले भूकच नाही लागत, मावशी."

"खोटं बोलू नको. मी मोठ्या बाईंना सांगते."

ती एकदम खाली बसली आणि माझा पाय धरला. "सांगू नोका जी. रविवारी लाल आलं तं घरी धाडून देतीन. घरी आत्या स्थळ घेऊन बसली हाये. एकडाव गेली ना मी, तं मंग परत नाही येत. मले म्याट्रिक होऊ द्या, मावशी."

आता काय सांगू तुम्हाला? राजापूरला आमच्या ओसरीवर असंच एक स्थळ बसलं होतं आणि मी आतून पाटी घट्ट धरून ऐकत होते. तेव्हा कुणाचा पाय धरायचं मला सुचलं नव्हतं. हिला सुचलं.

मी म्हटलं, "आकडा मी सांभाळते. पण तू जेवायचं. माझ्यासमोर, इथे, भटारखान्यात."

"जेवीन जी. तुमची शपथ."

रविवारी दांडी एक्कावन्नवर थांबली. मी पुकारलं, "चोपन्न." मोठ्या बाईंनी लिहिलं. दांडीवरचं वजन माझ्या हातातून निसटलं आणि ठण्णकन वाजलं. "काय झालं?" "काही नाही, बाई." फळ्यावर ना पांढरं, ना लाल. जितकं होतं तितकंच.

त्यानंतर शोभा रोज माझ्यासमोर जेवायला बसे. मी समोर पाट घेऊन बसायची आणि डोळ्यांत तेल घालून बघायची. हा घास, तो घास. "चाव नीट. पाणी नंतर पी." ती जेवायची. निदान मला तसं दिसायचं. स्कर्टच्या खिशात भाकर जाते आणि मागच्या कुंपणाशी गाईच्या तोंडात जाते, हे मला फार उशिरा कळलं. मी जितकी रोखून बघे तितकी ती हाताने चलाख होत गेली. फेब्रुवारीत दांडी अठ्ठेचाळीसवर आली, मार्चात पंचेचाळीसवर. मी दोन्ही वेळा "चोपन्न" म्हटलं. आता खरं सांगायचं तर आधीचं खोटंही सांगावं लागलं असतं, आणि मग माझी खोली? रात्रंदिवस तेच डोक्यात. मुली मात्र तिला म्हणत, "किती छान दिसून राहिली वं आता!" पोतं म्हणणाऱ्याच मुली. त्या शाबासकीचा आनंद तिच्या डोळ्यांत दिसायचा. मनगटाची हाडंही दिसायची. उतरत जाणारं माणूस मी एकदा घरात पाहिलं होतं. ओळखीचं होतं ते. तरी मी पुकारत राहिले.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा. नागपूरचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे. भूगोलाच्या पेपरावरून परतताना शोभा पायऱ्यांवर कोसळली. टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी वजन केलं. चव्वेचाळीस.

मोठ्या बाई परत आल्या आणि वही उघडून चष्मा पुसत बसल्या. "चोपन्नचे चव्वेचाळीस एका महिन्यात होतात?" त्यांनी विचारलं. "काटा बिघडलाय का गं?"

त्यांनीच मला वाट दाखवली आणि मी तीवरून धावत सुटले. "हो बाई. कधीचा अडकतोय."

काटा इतवारीच्या बाजारात दुरुस्तीला गेला. चार दिवसांनी परत आला. कारागिराने निरोप धाडला होता, काट्यात काहीच दोष नाही. मोठ्या बाईंनी निरोप ऐकला. नुसती मान हलवली, पण बादलीत डोकावून हलवत तशी नाही.

शोभाला तिचे बाबा घेऊन गेले. जाताना ती मागच्या दाराने आली. "मावशी, म्या तुमचं नाव नाही सांगितलं," म्हणाली. माझं सांत्वन करायला आली होती पोरगी. मी तिला साधं पाणीही विचारलं नाही.

मे महिन्यात वसतिगृह रिकामं. साठ ताटं पालथी घातलेली. मी आपल्यापुरता भात करायची आणि तो मला जायचा नाही. शेवटी दुकानातून पोस्टाचं पाकीट आणलं, कोठीतल्या वहीची दोन पानं फाडली आणि शोभाच्या बाबांना पत्र लिहिलं. यजमान गेल्याचं भावाला कळवलं होतं, त्यानंतरचं माझं पहिलं पत्र. तीन दिवस लागले. लिहिलं की मुलीला कुठलाही रोग नाही. अभ्यासाने ती खंगली नाही. मी तिला भर रांगेत पोतं म्हटलं, त्या लाजेने तिने अन्न सोडलं. मला ते कळलं तेव्हा मी वजनाचे खोटे आकडे सांगितले. काटा चांगला होता. चूक माझी आहे, तिची शाळा सोडवू नका. खाली पूर्ण नाव लिहिलं. पेटीत टाकताना हात आखडला, कारण हे पत्र फिरून मोठ्या बाईंच्या हाती पडणार हे मला पक्कं माहीत होतं. मग टाकलं.

जूनच्या शेवटी वसतिगृह उघडलं. तिसऱ्या दिवशी मागच्या दारात एक उंच, वाकलेला माणूस उभा. हातांना मागाचे घट्टे, बंडीच्या खिशात माझं पाकीट.

"तुमीच काय जी चिठ्ठीवाल्या बाई?"

मी पदर सावरून उभी राहिले. म्हटलं, हो. आता जे काही ऐकवतील ते ऐकायचं.

त्यांनी पाकीट काढून हातात धरलं. मग म्हणाले, "मास्तराकडून वाचून घेतली. तीनदा. आमच्या घरी बाई, अंगानं भरलेली पोरगी म्हणजे घर भरलेलं. आमाले वाटे, शिकून शिकून वाळून राहिली. लगन जमतच आलं होतं. मंग तिची माय म्हणे, पोरगी आजारी नाही, तिले लाज लागली. लाजेवर लगन काही दवा नाही." जरा थांबून म्हणाले, "राग तं लय आला होता तुमचा. पण लिहिलं काहून, तुमाले कोणी विचारलं तं नव्हतं?"

मी आत जाऊन त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला.

ते पत्र घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. पाऊण तासाने मला बोलावणं आलं. पत्र टेबलावर उघडं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे काटा खरा होता."

"हो बाई."

"मला दिसत नव्हतं. तुला तर दिसत होतं ना?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाल्या, "उद्या साठ मुलींचा स्वयंपाक कोण करणार? मी? जा, उचल ती. आणि बाहेरचा फळा पूस आधी."

मी फळा पुसला. ओल्या फडक्याने दोनदा. पुढच्या महिन्यापासून दवाखान्यातली नर्स यायची आणि एकेका मुलीला खोलीत घेऊन, दार लावून वजन करायची. आकडा तिला आणि मोठ्या बाईंना. काट्यावर पुन्हा ज्वारीच चढली. मी दांडीला हात लावायची तो फक्त पोत्यांसाठी, आणि आकडा मनातल्या मनात म्हणायची.

शोभा बाबांबरोबरच आली होती, व्हरांड्यात ट्रंकेवर बसली होती. अंग थोडं सावरलं होतं, फार नाही. जेवणाची वेळ झाली. ती जेवणघरात न जाता भटारखान्यात आली आणि आपली आपण जुन्या जागी बसली. मी तिला ताट वाढलं, भाकर, वांग्याची भाजी, वरून कच्चं तेल. सवयीने पाट ओढला आणि समोर बसायला गेले. तिची मान खाली गेली, हात मांडीवर गेला, खिशाच्या बाजूला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी पाट उचलून भिंतीला लावला. तिच्याकडे पाठ केली आणि तव्यावर दुसरी भाकर टाकली. तिसरी टाकली. मान वळवायची नाही म्हणून दात आवळून उभी होते. कितीतरी वेळाने मागे भाकर मोडल्याचा आवाज आला.

ती नळावर गेली, ताट विसळलं आणि गेली. मी सगळं आवरून शेवटी बादलीपाशी आले. तळाला अर्धी भाकर होती, वांग्याचा डाग लागलेली. कुणाला दिली नव्हती, खिशात घातली नव्हती. जेवढी गेली नाही तेवढी सरळ बादलीत टाकली होती.

मोठ्या बाई मागून आल्या, डोकावल्या आणि म्हणाल्या, "आज उष्टं पडलं वाटतं."

"हो बाई," मी म्हटलं, "अर्धी खाल्लीन तिने."